दुसऱ्याने भरलेले काडतूस

रायफलचे काडतूस ही चार वस्तूंची जुळणी असते: साधारण ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त यांच्या पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर म्हणजे आघाताने ठिणगी देणारी छोटी टोपी, पुंगळीत भरलेली दारू, आणि पुंगळीच्या तोंडात घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढल्यावर यांतल्या तीन वस्तू खर्ची पडतात आणि पुंगळी शिल्लक राहते. ती पुन्हा वापरता येते हे लक्षात आल्यापासून वापरलेल्या पुंगळीला मूळ आकारात दाबून, नवा प्रायमर बसवून, दारू मोजून घालून आणि वर गोळी बसवून नवे काडतूस तयार करण्याची कला वाढत गेली. अमेरिकेत ती घराघरांतल्या कामाच्या मेजावर पोहोचली आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या गवताळ मैदानांत गव्यांची शिकार करणारे लोक रात्री शेकोटीपासून दूर बसून उद्याची काडतुसे भरत. आज तेच काम हाताने ओढायच्या दांड्याचे दाबयंत्र, पोलादी साचे आणि बारीक तराजू घेऊन केले जाते. खर्च वाचतो, कारखान्यांनी बंद केलेल्या जुन्या मापांची काडतुसे मिळवता येतात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका विशिष्ट रायफलीला मानवणारे, कारखान्याच्या काडतुसापेक्षा अधिक अचूक काडतूस घडवता येते.

या कामात मुरलेल्या लोकांत एक नियम जवळजवळ सर्वमान्य आहे: दुसऱ्याने भरलेले काडतूस आपल्या रायफलीत घालायचे नाही, आणि आपण भरलेले दुसऱ्याच्या हाती द्यायचे नाही. बाहेरून पाहणाऱ्याला यात परस्परांविषयीचा अविश्वास दिसतो, आणि भरणाऱ्याच्या निष्काळजीपणाची भीती हे त्याचे एक कारण आहेच. परंतु नियमाचे मूळ त्याहून खोल आहे. अत्यंत काळजीपूर्वक, तराजूच्या काट्यावर नजर ठेवून भरलेले काडतूससुद्धा दुसऱ्या रायफलीत धोकादायक ठरू शकते, कारण ते ज्या गुणांमुळे एका रायफलीत उत्तम ठरते तेच गुण त्याला दुसरीत परके करतात.

हे समजण्यासाठी काडतुसाच्या पोटात काय घडते ते आधी पाहावे लागते. घरातला प्रेशर कुकर बाहेरच्या हवेपेक्षा चौरस इंचाला सुमारे १५ पौंड जास्त दाबावर शिट्टी देतो. .३०८ विंचेस्टर या सर्वत्र आढळणाऱ्या काडतुसासाठी अमेरिकी मानकाने ठरवलेली कमाल सरासरी मर्यादा चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे, म्हणजे कुकरच्या चार हजार पटींहून जास्त, आणि हा दाब नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर निर्माण होतो. दारू पेटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत साधारण एक-दीड मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा सुमारे हजारावा भाग, एवढाच काळ लागतो. आधुनिक निर्धूर दारू नायट्रोसेल्युलोज या पदार्थापासून बनते, आणि तिचा एक स्वभाव या सगळ्या विषयाच्या केंद्राशी आहे: भोवतीचा दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते, आणि वेगाने जळाली की दाब आणखी वाढतो. त्यामुळे दारूत थोडीशी वाढ झाली किंवा तिला जळायला मिळणारी जागा थोडी कमी झाली, तर दाब त्या प्रमाणात न वाढता त्याहून बराच जास्त वाढतो.

या दाबाला रायफलीत पहिला अडसर घालते ती पितळेची पुंगळी. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसण्यासाठी जी पोकळी कोरलेली असते तिला चेंबर म्हणतात. दारू पेटताच पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते, वायूला मागे यायला वाट देत नाही, आणि दाब उतरताच किंचित आक्रसून भिंतीपासून सुटते. तिचे जाड बूड मात्र बहुतेक रायफलींत चेंबरच्या थोडे बाहेरच असते, आणि तिथे पितळेच्या स्वतःच्या ताकदीशिवाय फारसा आधार नसतो. पितळ तिथे फाटले तर वितळत्या धातूचे कण घेऊन आलेला वायू मागे, चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टच्या आणि मॅगझिनच्या वाटेने, हाताकडे आणि डोळ्यांकडे येतो. रेंजवर चष्मा लावण्याची सक्ती असते ती यासाठी.

कारखान्यातल्या काडतुसाचा दाब कोणी तरी ठरवून दिलेला असतो. अमेरिकेत १९२६ साली सरकारच्या सूचनेवरून उत्पादकांनी स्थापन केलेली ‘सामी’ ही संस्था आणि युरोपात १९१४ साली बेल्जियममधील लिएज येथे आकाराला आलेला ‘सी.आय.पी.’ हा आंतरराष्ट्रीय आयोग प्रत्येक काडतुसाची मापे आणि कमाल दाब निश्चित करतात. कारखाना दारूच्या प्रत्येक नव्या खेपेची तपासणी दाबमापक बसवलेल्या खास नळीत करतो आणि मगच तिचे प्रमाण ठरवतो. या मर्यादा ठरवताना लोकांच्या हाती असलेल्या त्या मापाच्या जुन्या, कमजोर रायफलीही हिशेबात धरलेल्या असतात, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. हातभरणी करणाऱ्यापुढे मात्र एकच रायफल असते, स्वतःची.

.४५-७० हे काडतूस याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. ते १८७३ साली अमेरिकी सैन्याच्या स्प्रिंगफील्ड रायफलीसाठी आले; नावातला ४५ हा आकडा गोळीच्या व्यासाचा, इंचाच्या शतांशांत, आणि ७० हा काळ्या दारूच्या ग्रेनांचा. ग्रेन हे या व्यवसायातले वजनाचे जुने माप, एका ग्रॅममध्ये सुमारे १५.४ ग्रेन येतात. ती जुनी रायफल मागून झडप उघडून भरली जाई आणि तिचे पोलाद आजच्या मानाने मऊ होते, म्हणून या काडतुसाची अधिकृत मर्यादा आजही २८,००० पौंडांवर ठेवलेली आहे. पण त्याच मापाच्या अलीकडच्या रायफली कितीतरी मजबूत असतात, त्यामुळे भरणीच्या मार्गदर्शक पुस्तकांत .४५-७० साठी वेगवेगळे तीन तक्ते छापण्याची पद्धत आहे: एक जुन्या झडपेच्या रायफलीसाठी, दुसरा मार्लिनसारख्या खालच्या दांड्याने चालणाऱ्या आधुनिक रायफलीसाठी, आणि तिसरा रुगर क्रमांक एकसारख्या अतिशय भक्कम, एकेक काडतूस घ्यायच्या रायफलीसाठी. तिसऱ्या तक्त्यावरून भरलेले काडतूस पहिल्या रायफलीत अलगद बसते, झडप अलगद मिटते, आणि सगळा धोका याच अलगद बसण्यात आहे. डब्यावर लिहिलेले ‘.४५-७०’ हे नाव खरेच असते. तीनपैकी कोणता तक्ता, हे त्या नावात नसते.

रायफलीचे स्वतःचे बळही तिच्या नावावरून कळत नाही. अमेरिकेच्या १९०३ सालच्या स्प्रिंगफील्ड रायफलींपैकी स्प्रिंगफील्डच्याच शस्त्रशाळेत बनलेल्या, ८,००,००० पेक्षा कमी क्रमांकाच्या रायफलींचे पोलाद ठिसूळ निघू शकते, हे १९१७ सालच्या स्फोटांनंतरच्या चौकशीत दिसून आले. भट्टीतल्या लाल पोलादाचे तापमान कारागीर नुसत्या नजरेने ठरवत असत, आणि दिवसाच्या उजेडाप्रमाणे ती नजर फसत असे. अशा रायफलीत पुंगळी फाटली तर सांगाडा नुसता न वाकता काचेसारखा तुटतो. एका भरणाऱ्याच्या भक्कम रायफलीत वर्षानुवर्षे चाललेली भरणी अशा रायफलीच्या मालकाला भेट म्हणून देणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

आता भरणारा स्वतःच्या रायफलीसाठी नेमके काय करतो ते पाहू. पुंगळी एकदा चेंबरमध्ये फुगली की तिला त्या चेंबरचा आकार येतो. पुष्कळ नेमबाज तिला पूर्ण मूळ मापात दाबत नाहीत. फक्त गोळी धरण्यापुरती मान आवळून घेतात, म्हणजे पुंगळी पुढच्या वेळी आपल्या घरात तंतोतंत बसते, पितळ कमी ताणले जाते आणि नेम सुधारतो. ही पुंगळी दुसऱ्या, किंचित अरुंद चेंबरमध्ये घातली तर बोल्ट जोर लावून मिटवावा लागतो, आणि जोर लावणे ही रायफलीशी वागण्याची सर्वांत वाईट रीत आहे. उलट, एखाद्याने पुंगळीचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, गरजेपेक्षा मागे ढकलला असेल तर सैल चेंबरमध्ये पुंगळी लांबीने ताणली जाते. गोळी किती आत बसवायची यातही तोच मामला आहे. नळीच्या आत गोळीला फिरकी देणारे पिळाचे चर असतात. त्यांचे उंचवटे जिथे सुरू होतात तिथपासून गोळीचे टोक किती अंतरावर राहावे हे भरणारा केसाएवढ्या मापाने ठरवतो, आणि हे अंतर प्रत्येक नळीत वेगळे असते. त्याच्या नळीत गोळी उंचवट्यांपासून मोकळी असेल, पण दुसऱ्याच्या नळीत ती सुरुवातीपासूनच त्यांच्यावर टेकू शकते. टेकलेल्या गोळीला हलायला अधिक जोर लागतो, तेवढ्यात दाब झपाट्याने चढतो. वेदरबी रायफलींच्या चेंबरपुढे गोळीला मोकळी धाव मिळेल अशी लांब जागा पूर्वीपासून ठेवलेली असे. त्या जागेच्या भरवशावर ठरवलेली दारूची मात्रा अशी जागा नसलेल्या नळीत जास्त होते.

शिवाय भरणीचा मूळ मार्गच असा आहे की पुस्तकातल्या कमाल मात्रेच्या सुमारे १० टक्के खालून सुरुवात करायची आणि आपल्या रायफलीकडे लक्ष ठेवत थोडी थोडी वाढ करायची. प्रायमर चपटा होतो का, पुंगळीच्या बुडावर बोल्टच्या खाचांचे ठसे उमटतात का, बोल्ट उचलताना अडतो का, हे तो पाहत जातो. ही चढण त्याने ज्या रायफलीवर चढली तिच्यापुरती खरी असते. दुसऱ्याला मिळते ते फक्त शिखर.

आतापर्यंत सांगितले ते निर्दोष भरणीविषयी. चुका होतात त्याही साध्यासुध्या असतात, आणि त्यांतल्या काहींचा उगम इतिहासात आहे. काळी दारू क्षमाशील होती. पुंगळीत ती पूर्ण भरेपर्यंत ओतायची आणि वर गोळी बसवायची. जास्त घालायला जागाच नसे. फ्रान्समध्ये पॉल व्हिएइ याने १८८४ साली निर्धूर दारू तयार केली आणि १८८६ साली लेबेल रायफल तिच्यासह सैन्यात आली, तेव्हा हा आपोआप मिळणारा बचाव संपला. नव्या दारूच्या थोड्याशा मात्रेत जुन्या दारूच्या भरल्या पुंगळीएवढे बळ होते, आणि जुन्या सवयीने पुंगळी काठोकाठ भरणाऱ्यांच्या बंदुका फुटल्या. दुहेरी भरणीचा धोका याच बदलातून जन्मला. रायफलीच्या जड गोळीसाठी वापरायची सावकाश जळणारी दारू पुंगळीचा बहुतेक भाग व्यापते, म्हणून चुकून दोनदा ओतली तर ती मेजावर सांडते आणि चूक कळते. सरावासाठी, कमी धक्क्यासाठी, ओतीव शिशाच्या गोळीमागे मात्र काही जण पिस्तुलाची वेगाने जळणारी दारू थोडीशी घालतात. ती पुंगळीच्या तळाशी जेमतेम पाव भाग भरते. तिथे दुसरी मात्रा सहज मावते, तिसरीही मावते.

हे मेजावर कसे घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्याच्या भोकांत तोंड वर करून उभ्या असतात. एकेकीत फनेलने मात्रा ओतली जाते. मध्येच दाराची घंटा वाजते किंवा कोणी हाक मारते, आणि परत बसल्यावर हात सव्विसाव्या पुंगळीऐवजी पंचविसावीवर जातो. जागरूक भरणारा गोळ्या बसवण्याआधी सगळ्या तोंडांतून विजेरीचा प्रकाश टाकतो आणि दारूची पातळी एकीची दुसरीशी ताडून पाहतो. एकदा गोळी बसली की मात्र ही संधी संपते, कारण पितळ पारदर्शक नसते. तयार काडतुसे तराजूवर घालून जास्त वजनाचे शोधता येईल असे वाटते. पण एकाच मापाच्या, निरनिराळ्या कारखान्यांच्या पुंगळ्यांच्या वजनात दहा-पंधरा ग्रेनांहून जास्त फरक असतो, सैनिकी पुंगळ्या तर जाड भिंतीच्या असतात, आणि त्या फरकात हलकी दुहेरी मात्रा सहज लपून जाते. त्याच जाड भिंतीमुळे आतली जागा कमी पडते आणि तीच मात्रा जास्त दाब देते, ही गोष्ट निराळीच.

दारूच्या नावांचाही घोटाळा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन या व्यापाऱ्याने अमेरिकी सैन्याच्या २० मिलिमीटर तोफांच्या काडतुसांतली शिल्लक दारू विकायला काढली; तिचे नाव ४८३१. पुढे १९७०च्या दशकात दुसऱ्या मोठ्या उत्पादकाने आय.एम.आर. ४८३१ या नावाने स्वतःची दारू आणली, आणि ती हॉजडनच्या दारूपेक्षा वेगाने जळणारी निघाली. दोन्ही आजही विकल्या जातात, एकीच्या आकड्याआधी फक्त ‘एच’ असतो आणि दुसरीच्या आधी ‘आय.एम.आर.’. एखाद्या डब्याच्या झाकणावर पेन्सिलीने ‘४८३१, १५० ग्रेनांची गोळी’ एवढेच लिहिलेले असेल, तर ते लिहिणाऱ्याला पुरेसे आहे, कारण त्याच्या कपाटात तसा एकच डबा आहे. वाचणाऱ्याला मात्र त्यातले निर्णायक अक्षर मिळत नाही. लिहिलेला आकडा बरोबर असला तरी तो किती वर्षांपूर्वीच्या डब्यातल्या दारूचा, कोणत्या प्रायमरचा, हे उरतेच. प्रायमर बदलून त्याच जागी अधिक जोराची ज्वाला देणारा ‘मॅग्नम’ प्रायमर बसवला, तर कमाल मात्रेच्या भरणीत दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

पुंगळीच्या बुडावर उमटवलेली अक्षरेही विश्वासाला पात्र राहत नाहीत. .३०० ब्लॅकआउट नावाच्या काडतुसाच्या पुंगळ्या पुष्कळ भरणारे .२२३ रेमिंग्टनच्या पुंगळ्या कापून घरीच करतात, त्यामुळे बुडावर ‘.२२३’ असेच राहते आणि तोंडात मात्र .३०८ इंच व्यासाची गोळी असते. असे काडतूस चुकून .२२३च्या रायफलीत गेले तर गोळीची बैठक अशी असू शकते की बोल्ट मिटतो, आणि .२२४ इंचाच्या नळीतून तिला जायला वाट नसते. रायफलीच्या चिंधड्या होतात. जर्मनीत १९०५ साली आठ मिलिमीटर माउझर नळीचे माप .३१८ वरून .३२३ इंचावर नेले गेले, आणि तेव्हापासून नव्या मापाच्या नावातले ‘एस’ हे एक अक्षर विसरण्याने तेच संकट लहान प्रमाणात उभे राहत आले आहे.

पुंगळीचे वय हा आणखी एक अदृश्य आकडा आहे. प्रत्येक वापरात पितळ बुडाच्या जरा वर, जिथे जाड भाग संपून पातळ भिंत सुरू होते तिथे, लांबीने ताणले जाते आणि आतून पातळ होत जाते. पुष्कळदा वापरलेली पुंगळी हातात फिरवली तर त्या जागी एक उजळ कडे दिसते, केस विंचरायच्या फणीच्या दाताएवढे रुंद. सरळ केलेल्या कागदी क्लिपचे टोक काटकोनात वाकवून ते पुंगळीच्या आतून भिंतीला घासत वर ओढले, तर त्या कड्याशी ते खळग्यात पडल्यासारखे अडखळते. हे अडखळणे जाणवले की ती पुंगळी मोडीत टाकायची असते. हे करायचे तर आत काही असता कामा नये. भरलेल्या काडतुसाच्या आतून कोणीही तार फिरवू शकत नाही, आणि चकचकीत घासून पुसलेल्या पुंगळीवरचे कडे घासण्यात पुसटही होऊन जाते. ती दुसऱ्यांदा वापरली की सातव्यांदा, हे भरणाऱ्याच्या वहीत असते.

जी रायफल आपोआप पुढचे काडतूस ओढून घेते तिच्यात प्रायमर किती आत बसला आहे यालाही जीवघेणे महत्त्व येते. एम-१ गॅरंड आणि एस.के.एस. यांसारख्या रायफलींची फायरिंग पिन मोकळी असते आणि बोल्ट जोराने पुढे येताना ती प्रायमरला हलकेच टोचते. प्रायमर बुडाच्या पातळीच्या वर राहिला असेल किंवा अतिसंवेदनशील असेल तर चाप न ओढताच, कधी कधी बोल्ट पुरता अडकण्याआधी, काडतूस उडते. पिन धरून ठेवणाऱ्या बोल्टाच्या रायफलीत त्याच काडतुसांना काहीच होत नाही. नळीखालच्या लांब नळकांड्यात काडतुसे एकापुढे एक ठेवणाऱ्या, विंचेस्टर १८९४ सारख्या रायफलीत टोकदार गोळी मागच्या काडतुसातून पुढच्याच्या प्रायमरवर टेकते, आणि धक्क्याने ते पेटू शकते. भरणाऱ्याच्या बोल्टाच्या रायफलीत हीच टोकदार गोळी उत्तम असते.

यावर एक प्रश्न साहजिक येतो: पहिल्या दहा काडतुसांनी काही केले नाही, तर अकराव्याची भीती का बाळगावी? कारण दाबाची बाह्य चिन्हे, म्हणजे चपटा प्रायमर आणि अडणारा बोल्ट, बहुतेक वेळा मर्यादा ओलांडल्यानंतरच दिसू लागतात, आणि कमी दाबाच्या काडतुसांत तर मर्यादा ओलांडूनही दिसत नाहीत. दारू उष्णतेनेही तेज होते. थंडीत तपासून निवडलेली कमाल मात्रा वैशाखात उन्हात ठेवलेल्या डब्यातून वेगळी वागते. आणि हातभरणीतल्या चुका सहसा सगळ्या डब्यात सारख्या नसतात, एखाद्याच पुंगळीत असतात. नवी रायफल विकण्याआधी कारखान्यात तिच्यातून नेहमीपेक्षा साधारण २५ ते ४० टक्के जास्त दाबाचे काडतूस एकदा उडवून तिची परीक्षा केलेली असते. दुहेरी मात्रेचा दाब त्या उरलेल्या बळाच्या कितीतरी पुढे जातो.

उलट चूकही तितकीच वाईट. दारू घालायचीच राहून गेली तर प्रायमरची नुसती ठिणगी गोळीला नळीत थोडी ढकलते आणि ती तिथेच अडकते. चेंबरच्या जेमतेम पुढे अडकली तर पुढचे काडतूस बसतच नाही आणि माणूस वाचतो. थोडी अधिक पुढे सरकली असेल तर पुढचे काडतूस बसते, चाप ओढला जातो, आणि बंद नळीत दाबाला वाट उरत नाही. म्हणून आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का हलका लागला, किंवा कागदावर छिद्र उमटले नाही, की त्याच क्षणी थांबून, रायफल लक्ष्याच्या दिशेनेच धरून अर्धा मिनिट वाट पाहून, काडतूस काढून नळीतून आरपार पाहायचे असते. रेंजवर घाईने पुढचे काडतूस ओढण्याची सवय इतकी मुरलेली असते की ही शिस्त अंगवळणी पाडावी लागते.

भारतात ही कला जवळजवळ दिसत नाही, आणि त्याला कायद्याचे कारण आहे: शस्त्र अधिनियम, १९५९ याच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. खडकी आणि वरणगाव येथील कारखान्यांत बनणारी लहान शस्त्रांची काडतुसे सैन्याकडे खेपेच्या क्रमांकासह जातात. खेपेत दोष आढळला तर तो क्रमांक शोधून सगळी खेप बाजूला काढता येते, आणि घरगुती डब्याला असा माग नसतो. क्रीडा नेमबाजीत वापरली जाणारी .२२ मापाची काडतुसे तर पुन्हा भरण्याजोगी नसतातच, कारण त्यांत प्रायमरचे द्रव्य पुंगळीच्या काठाच्या पोकळ वळणात बसवलेले असते आणि पिन त्या काठालाच ठेचते. तरीही ज्या ५० मीटर थ्री-पोझिशन प्रकारात कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, त्या प्रकारातले नेमबाज स्वतःच्या रायफलीत वेगवेगळ्या खेपांची काडतुसे चालवून पाहतात आणि त्या नळीला जुळणारी खेप शोधून तिचाच साठा घेतात. जगातल्या उत्तम कारखान्याचे काडतूससुद्धा प्रत्येक नळीला सारखे मानवत नाही, तिथे मेजावर घडवलेल्याचे काय.

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला परवाना लागत नाही, पण विक्रीचा धंदा करणाऱ्याला दारूगोळा उत्पादकाचा संघराज्य परवाना घ्यावा लागतो. मित्राने प्रेमाने दिलेला डबा या दोहोंच्या मध्ये पडतो. त्याची तपासणी कोणी करत नाही. तिथे स्थायिक झालेल्या मराठी माणसाला शेजारच्या टेबलावरच्या अनुभवी गृहस्थाने रेंजवर चार काडतुसे पुढे केली तर ती नाकारणे जड जाते, कारण हातावर ठेवलेले परत करू नये असे आपल्याकडचे वळण आहे. हातभरणी करणाऱ्यांत मात्र असा नकार अपमान मानला जात नाही, आणि बऱ्याच रेंजवर बाहेरून भरून आणलेली काडतुसे वापरायला बंदीच असते. बंदुकीच्या उत्पादकांच्या पुस्तिकांतही अशा काडतुसांनी झालेल्या नुकसानीची हमी नसल्याचे सहसा स्पष्ट लिहिलेले असते.

वारशाने किंवा जुन्या रायफलीबरोबर आलेल्या डब्यांचा प्रश्न वेगळा, कारण त्यात नकार द्यायला समोर कोणी नसते. भारतात परवान्याविना असा दारूगोळा हाती आला तर अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे तो जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावा लागतो. जिथे हातभरणी कायदेशीर आहे तिथे जाणकार माणूस हातोडीसारखे आपटायचे साधन किंवा दाबयंत्रावरची पकड वापरून गोळी ओढून काढतो आणि पुंगळीतली दारू वेगळी करतो. ही दारू कितीही ताजी दिसली तरी पुन्हा वापरायची नसते. काळपट, नळकांड्यासारख्या किंवा चपट्या कणांच्या दारूत डझनावारी प्रकार सारखे दिसतात आणि नजरेने ओळख पटत नाही. तिला आंबट वास येत असेल किंवा तांबूस धूर दिसत असेल तर ती कुजू लागली आहे असे समजावे. काढलेल्या गोळ्या मोजून-तोलून वापरता येतात, पुंगळ्यांतून तार फिरवून पाहता येते. कधी कधी त्या डब्यांशेजारी एक वहीही सापडते, तारखांसह, दारूच्या पूर्ण नावासह, रायफलीच्या क्रमांकासह लिहिलेली, आणि घरातल्यांच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची वस्तू तीच असते. तिच्यातली कमाल मात्राही थेट उचलायची नसते: नव्या पुंगळ्या घेऊन, आजच्या पुस्तकाशी ताडून, १० टक्के खालून, आपल्या रायफलीत.